टिपणीसांचे पाइप दिल्लीला जातात

नाजूक वस्तू

अच्युत टिपणीसांनी आयुष्यात तंबाखू ओढली ती फारच थोडी. पाइप मात्र चौदा वर्षं बाळगला. ह्या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक अख्ख्या टाउनशिपमध्ये त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हता.

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर बनत. टिपणीस पुण्याहून आले ते डिझाइन विभागात, आणि तिथे ते फक्त तीन वर्षं टिकले. तिसऱ्या वर्षी मुख्य अभियंत्यांनी सगळ्यांसमोर एका नव्या, अगडबंब ट्रान्सफॉर्मरचा आराखडा टेबलावर पसरला आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं. असं विचारणाऱ्या साहेबाला उत्तर नको असतं, हे टिपणीसांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मनात आलं की ते ओठांवर यायचं. मध्ये स्टेशनच नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, हा आपल्या वर्कशॉपच्या दारातून बाहेर निघणार नाही."

पुढे तो खरंच निघाला नाही. भिंत फोडावी लागली. एखाद्याचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर त्याला माफी मिळाली असती. खरं ठरल्यावर काय मिळणार? फोडलेल्या भिंतीच्या जागी मोठं दार बसवलं गेलं, दाराशेजारी पॅकिंग विभाग होता, आणि ज्याला दाराची एवढी काळजी त्याला दारावरच बसवा, असं कुणीतरी वरच्या मजल्यावर म्हणालं. टिपणीस पॅकिंगमध्ये गेले.

त्याच वर्षी टाउनशिपमधले इंग्रज इंजिनियर करार संपवून मायदेशी निघाले. जाण्याआधी त्यांच्या मडमांनी बंगल्याबंगल्यातून सामान विकायला काढलं. टिपणीस नलिनीबाईंना घेऊन हॉलिस साहेबाकडे फ्रिज बघायला गेले. फ्रिज आधीच टिपणीसांचे नवे साहेब भार्गव ह्यांच्याकडे गेला होता. नलिनीबाईंना केकचा साचा मिळाला, ज्यात त्यांनी पुढे जन्मभर ढोकळा केला. आणि टिपणीसांना मिळाले तीन पाइप, ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेले, काळ्या दांडीचे, लाकडी घोडीवर ओळीनं उभे.

"ओढणार आहात?" नलिनीबाईंनी विचारलं.

"बघू," टिपणीस म्हणाले.

ही बाजू वर

पहिल्याच मीटिंगमध्ये शोध लागला. भार्गवांनी काहीतरी विचारलं, टिपणीसांच्या जिभेवर उत्तर आलं, पण तोंडात पाइप होता. तो काढायचा, तंबाखू भरायची, अंगठ्यानं दाबायची, काडी ओढायची. पाइप पहिल्या काडीला कधी पेटत नाही. दुसऱ्या काडीपर्यंत कुणी दुसराच बोलू लागला. तिसरीपर्यंत भार्गवांनी स्वतःच स्वतःचं उत्तर दिलं होतं. टिपणीसांनी धूर सोडला आणि मान हलवली. "देखिए, टिपणीस भी सहमत हैं," भार्गव म्हणाले.

त्या दिवसापासून टिपणीस विचारी झाले. वर्षं गेली तशी त्यांच्या विचारीपणाची ख्याती वाढली. टिपणीस साहेब सोच-समझकर बोलते हैं, असं लोक म्हणायचे. वास्तविक ते बोलतच नव्हते. नलिनीबाई घरी त्या पाइपाला बूच म्हणत.

आता अशा वस्तूला जपावं लागतं. घरी काही प्रश्न नव्हता, घोडी होती. प्रश्न घराबाहेरचा. पाइप खिशात उभा ठेवायचा तर वाकलं की पडतो. आडवा ठेवायचा तर राख सांडते. टिपणीसांच्या दोन टेरिलीनच्या शर्टांना छातीशीच भोकं होती, आणि नलिनीबाईंनी त्यांवर रफू करताना टिपणीसांच्या विचारीपणाबद्दल जे म्हटलं ते इथे देण्यासारखं नाही. मग त्यांनीच मखमलीच्या जुन्या पोलक्याच्या पिशव्या शिवून दिल्या, नाडीसकट. एका साइटच्या दौऱ्यात सहप्रवाशानं टिपणीसांच्या होल्डॉलच्या वळकटीवर लोखंडी ट्रंक ठेवली आणि पहिला पाइप मखमलीतल्या मखमलीत मोडला.

टिपणीसांना दुःख झालं, त्यापेक्षा अपमान जास्त झाला. पॅकिंगमध्ये आल्यापासून त्यांच्या हातून गेलेल्या एकाही मालाला ओरखडा नव्हता. आसामपासून केरळपर्यंत त्यांची खोकी धडधाकट पोचत. आणि स्वतःचा वीतभर पाइप इटारसीच्या पुढे जाऊ शकला नाही.

ओलाव्यापासून दूर ठेवा

मग दिल्लीहून बोलावणं आलं. डिझाइनमध्ये उपमुख्य अभियंत्याची जागा निघाली होती आणि मुलाखतीला टिपणीसांचंही नाव होतं.

त्यांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा आवाज अगदी साधा ठेवला होता. नलिनीबाईंनी पोळी उलटली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ह्या माणसाला चौदा वर्षांत दुसरं काही नको होतं, हे त्यांना माहीत होतं. जेवताना पेल्यातलं पाणी सांडलं की टिपणीस त्यात बोटानं रेघा ओढत बसत: ट्रान्सफॉर्मरचा गाभा, वेटोळं, टाकी. पुसलं की पुन्हा काढत.

"तिथे तोंड सांभाळा म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

तोंड सांभाळायचं म्हणजे पाइप सांभाळायचा. उरलेले दोन्ही पाइप न्यायचे असं ठरलं. एक वापरायला, एक वेळप्रसंगाला. नलिनीबाई म्हणाल्या, कोटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि वर हात ठेवून झोपा. टिपणीस म्हणाले, "खिसा म्हणजे पॅकिंग नव्हे."

त्यांनी आराखडा काढला. चौदा वर्षांनी त्यांच्या हातून निघालेला हा पहिला खराखुरा आराखडा, आणि तो फार सुंदर होता. दोन्ही पाइपांचे आकार तिन्ही बाजूंनी, त्यांच्या मापाचे जाड लोकरी नमद्यात कोरलेले खळगे, दांडीला वेगळी टेकण, बाहेर मेणकागद, त्यावर प्लॅस्टिक, आत दमट हवा शोषणाऱ्या खड्यांची पुडी, आणि ह्या सगळ्याभोवती देवदारची पेटी. लाकडाची परवानगी काढली. विभागातला सुतार शंकर ह्यानं पेटी केली, आणि टिपणीसांना पाहून इतर कामगारही जरा सरळ उभे राहिले, कारण साहेब गुणगुणत होते.

संध्याकाळी ते पेटी घ्यायला आले तेव्हा तिच्यावर आडव्या-उभ्या पोलादी पट्ट्या आवळलेल्या होत्या आणि पट्ट्यांच्या सांध्यावर शिशाचं सील होतं.

"ये किसने कहा था?" टिपणीसांनी विचारलं.

"आप ही ने, साहब," शंकर म्हणाला. "पट्टी के बग़ैर कुछ भी गेट से बाहर नहीं जाएगा."

खरंच होतं. तो त्यांचाच हुकूम होता, गेटवर काचेत लावलेला. टिपणीसांनी पेटी हातात घेतली, कानाशी धरून हलवली. आवाज नाही. उलटी केली, पुन्हा हलवली. आत काही आहे असं वाटतच नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. इतकं निर्दोष काम त्यांच्या विभागानंसुद्धा पूर्वी केलं नव्हतं.

सायकलच्या कॅरियरवर पेटी बांधून ते घरी आले. नलिनीबाईंनी तिला चारही बाजूंनी निरखलं आणि एक प्रश्न विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या कांचनबाई मुलाखतीला शुभेच्छा म्हणून दह्याची वाटी घेऊन आल्या, आणि प्रश्न राहिला.

उघडण्याच्या सूचना

ह्या विभागाशी संबंध नाही. साइटवर चौकशी करावी.

हूक लावू नये

हा विनोद नव्हता. टिपणीसांच्या खात्यात खरोखरच असं होतं. खोकी बांधणं हे त्यांचं काम. उघडणं हे साइटचं. साइटवर पहार असते, कातरी असते, त्यांचे लोक असतात. पाठवलेलं खोकं पुढे कोण, कशानं उघडतो, ह्याचा पॅकिंगमध्ये कुणी कधी विचार केला नव्हता, जसा पोस्टमन पत्रातल्या मजकुराचा करत नाही. टिपणीसांनी चौदा वर्षांत हजारो खोकी बंद केली होती. उघडलं एकही नव्हतं.

त्यामुळे गाडी दिल्लीला उशिरा पोचली, ते स्टेशनवरून तडक कार्यालयात गेले, प्रतीक्षेच्या खोलीत खुर्चीवर बसले, पेटी मांडीवर घेतली आणि आता एक पाइप काढून भरून ठेवावा असं म्हणाले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की ही साइट आहे.

त्यांनी आधी किल्ली लावून पाहिली. मग खिशातलं पेन. मग दाराशी बसलेल्या शिपायाला बोलावलं. शिपाई भला माणूस होता. त्यानं कागद कापायची सुरी आणली, ती वाकली. कात्री आणली, तिचा एक कान तुटला. पंच मशीन आणली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. पट्टीवर साधा चरा पडेना. मुलाखतीला आलेले आणखी दोघं उमेदवार हातातली कागदपत्रं विसरून बघत होते. टिपणीसांच्या मनात तेवढ्या घाईतही एक समाधान होतं, आणि त्या समाधानाचा त्यांना राग येत होता.

"साहब," शिपाई घाम पुसत म्हणाला, "जिस कमबख़्त ने बाँधा है, उसी से खुलवाइए."

आतून घंटा वाजली. टिपणीसांचं नाव पुकारलं गेलं. पेटी अनोळखी खोलीत सोडणं शक्य नव्हतं; घराबाहेर पाइप नजरेआड करायचा नाही, हा नियम त्यांनी होल्डॉलच्या प्रकरणानंतर केला होता. ते पेटी काखेत मारून आत गेले.

गुरुत्वमध्य येथे

समोर चार माणसं होती. मधले अध्यक्ष. मागच्या भिंतीवर एक प्रचंड आराखडा लावलेला: पुढच्या वर्षी बनायचा, देशातला सर्वांत मोठा ट्रान्सफॉर्मर. अध्यक्षांचा लाडका.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहत सौम्यपणे विचारलं की आपण बरीच वर्षं डिझाइनबाहेर आहात. आपल्या मते चांगल्या डिझाइनमध्ये सर्वांत महत्त्वाचं काय असतं?

नेहमीच्या टिपणीसांनी इथे पाइप काढला असता. भरला असता. दुसऱ्या काडीपर्यंत अध्यक्षांनी स्वतःच 'कार्यक्षमता' म्हटलं असतं, आणि टिपणीसांनी धूर सोडून मान हलवली असती, आणि ती जागा त्यांची झाली असती. हात वरच्या खिशाकडे गेलासुद्धा. खिसा सपाट होता.

"दार," टिपणीस म्हणाले.

चौघांनीही खोलीच्या दाराकडे पाहिलं.

मग जे सुरू झालं ते चौदा वर्षांचं साठलेलं होतं. चांगलं यंत्र म्हणजे जे तिथपर्यंत पोचतं ते, असं ते म्हणाले. बाकी सगळं कागद. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं आणि सांगितलं की हा रेल्वेनं जाणार नाही. वरचे सगळे भाग सुटे केले तरी खांदे अडतील, घाटातल्या पहिल्याच बोगद्यात. टाकीचे खांदे तिरपे केले आणि एक जोड खाली घेतला तर जाईल. कुठला जोड, तेही त्यांनी उठून आराखड्यावर बोट ठेवून दाखवलं. बोलताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो फार चांगला वाटत होता. त्याच वेळी हाताशी आलेली जागा बुडतेय हेही दिसत होतं.

उजवीकडच्या सदस्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष आराखड्याकडे पाहत राहिले. नंतर त्यांची नजर खाली आली आणि पेटीवर थांबली.

हे काय आहे, त्यांनी विचारलं. टिपणीसांनी सांगितलं. लपवण्यासारखं आता उरलं काय होतं?

अध्यक्षांनी पेटी मागून घेतली. हलवली, कानाशी नेली. शेजाऱ्याकडे दिली. त्यानंही कानाशी नेली. तिसऱ्यानं ती टेबलाच्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडली. टिपणीसांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, पेटीतून नाही. पेटी उचलली तर कोपरासुद्धा दबला नव्हता. मग चौघांनी मिळून ती उघडायचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नात मुलाखतीचा उरलेला वेळ फार खेळीमेळीत गेला. साइट्सवरून फुटक्या मालाच्या तक्रारी येतात, असा माणूस आपल्याला कुठे मिळणार, असं अध्यक्ष म्हणाले. भिंतीवरच्या आराखड्याला सोयिस्करपणे त्यांची पाठ होती.

पेटी त्यांनी ठेवून घेतली. सगळ्या कारखान्यांच्या लोकांना दाखवायला.

"सर, आत माझे पाइप आहेत," टिपणीस म्हणाले.

"असायलाच हवेत," अध्यक्ष म्हणाले. "रिकामी पेटी दाखवून काय सिद्ध होणार?"

येथून उचलावे

बातमी भोपाळला टिपणीसांच्या मागोमाग पोचली. डिझाइनची जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. टिपणीसांसाठी एक नवीच जागा तयार झाली होती: सर्व कारखान्यांचे मुख्य, पॅकिंग. बी टाइप बंगला, गाडी, पुढेमागे बाग, मागे नोकराची खोली. अट एकच होती, जी कुणी अट म्हणून सांगितली नाही. ती जागा घेतली की डिझाइन कायमचं मिटलं. नाही म्हटलं तर होते तिथेच राहायचं, पण दोनेक वर्षांनी पुन्हा जागा निघणार होती, आणि तेव्हा नाव लागू शकलं असतं.

टिपणीस हे सगळं सांगत होते तेव्हा नलिनीबाई तांदूळ निवडत होत्या. नेहरू नगरला राहणारी त्यांची बहीण सुचेता सकाळीच येऊन बंगल्याच्या पडद्यांचा रंग ठरवून गेली होती. टिपणीसांना वाटलं, आता बायको म्हणणार, घ्या.

"बंगला मला हवाय," नलिनीबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? त्या स्वयंपाकघराची खिडकी मी कितीदा बाहेरून बघितलीय. पण तुम्ही सांडलेल्या पाण्यात रेघा ओढायच्या आणि मी फडक्यानं पुसायच्या, हे तिथेही चालूच राहणार. मोठ्या टेबलावर, एवढंच." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "नाही म्हणा."

"नाही म्हणू?"

"आणि पटकन म्हणा. तुमचं ते पटकन बोलणं एवढं गाजलेलं. एकदा तरी घराच्या कामी येऊ दे."

टिपणीस हसले. बऱ्याच दिवसांनी दोघं एकदम हसले. मग त्यांनी सराव केला. नलिनीबाई भार्गव साहेब झाल्या, सूप बाजूला ठेवून, मान ताठ करून. भार्गव आता कारखान्याचे महाव्यवस्थापक होते. नलिनीबाईंनी त्यांच्या सुरात विचारलं, "तो टिपणीस, बताइए?" आणि टिपणीसांनी ताबडतोब सांगितलं, "सर, मेरा जवाब ना है." दोनदा केलं. दोन्ही वेळा छान झालं. दुसऱ्या वेळी तर वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास भार्गवांनी बोलावलं. केबिनमध्ये ते एकटेच होते. खिडकीतून ते मोठं दार दिसत होतं आणि त्यातून एक ट्रान्सफॉर्मर हळूहळू बाहेर येत होता. भार्गव खुर्चीतून उठले, हे ते सहसा करत नसत. त्यांनी टिपणीसांच्या खांद्यावर हात ठेवला. दिल्लीचे लोक किती खूश आहेत, कारखान्याचं नाव कसं निघालं, हे सांगितलं. मग म्हणाले, "तो टिपणीस, बताइए?"

शब्द तोच, सूर तोच. टिपणीसांच्या जिभेवर उत्तर आलं.

आणि तिथेच थांबलं.

त्यांचा उजवा हात वर गेला, खिशापाशी पोचला आणि तिथेच राहिला. खिशात काही नव्हतं हे हाताला माहीत होतं. तरी तो तिथेच राहिला. पहिली काडी ओढायला लागतो तेवढा वेळ गेला. टिपणीस मनातल्या मनात स्वतःला ढकलत होते. दिल्लीत जे एका क्षणात सुटलं होतं ते इथे, ह्या खोलीत, ह्या माणसासमोर सुटेना. भार्गवांच्या समोर ते चौदा वर्षं कधी बोललेच नव्हते. दुसरी काडी. भार्गव स्मित करत वाट पाहत होते, घाई न करता. टिपणीसांची पद्धत त्यांना परिचयाची होती आणि आवडत होती. तिसरीपर्यंत थांबण्याची गरज त्यांना कधीच पडली नव्हती.

"मुझे पता था," भार्गव म्हणाले आणि त्यांनी टिपणीसांचा हात खिशावरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. "इतनी बड़ी बात पर आप उछलेंगे नहीं. यही तो आपकी ख़ूबी है."

टिपणीसांनी तोंड उघडलं. भार्गवांनी तोवर फोन उचलला होता आणि ते दिल्लीला सांगत होते की हो, मान्य आहे, समोरच उभे आहेत.

टाउनशिपमध्ये बातमी सायकलपेक्षा वेगानं जाते. टिपणीस घरी पोचले तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. आत सुचेता होती, कांचनबाई होत्या, आणि कुणीतरी पेढेही आणले होते. सगळ्या एकदम बोलत होत्या. नलिनीबाई कडेला भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात ताटली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग ताटली घेऊन त्या त्याच्याजवळ आल्या.

"बोललात?" त्यांनी हळूच विचारलं.

"बोलणार होतो," टिपणीस म्हणाले.

नलिनीबाईंनी ताटलीतला एक पेढा उचलून त्यांच्या तोंडात घातला आणि त्या सुचेताला पडदे निळेच हवेत म्हणून सांगायला वळल्या.